वस्ताद वेगळा, पंच वेगळा

*वाचकांचे प्रश्न. महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिकवणाऱ्यांसाठी मासिक सदर. उत्तरं देतात कोल्हापूरच्या एक निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापिका.*

गेल्या अंकात नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांविषयी लिहा, असं आवाहन केलं होतं. टपालानं आणि ईमेलनं मिळून बरीच पत्रं आली. त्यातली चार घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील गाळले आहेत.

पत्र पहिलं

*मॅडम, मी चंदगड भागातल्या एका अनुदानित महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तीन वर्षं झाली. पीएच.डी. नोकरीआधीच पूर्ण झाली होती. आठवड्याला सोळा तास, शिवाय एनएसएस, परीक्षा विभाग आणि नॅकचा (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचा) एक निकष माझ्याकडे. घरी दोन वर्षांचा मुलगा. संशोधन पूर्ण थांबलंय. विभागात कायम अशी मी एकटीच. प्राचार्य भले आहेत, पण विचारायला गेलं की म्हणतात, ‘तुमचं तुम्ही करा, आम्ही आडवे येणार नाही.’ मी कुणाकडं जाऊ? प्लेसमेंटसाठी, म्हणजे वरच्या वेतनस्तरावर जाण्यासाठी, काय करायचं असतं, हेही मला नीट सांगणारं कुणी नाही.*

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

‘आम्ही आडवे येणार नाही’ हे वाक्य मीही ऐकलंय. १९८४ साली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी रुजू झाले, तेव्हा घरातली पहिली पदवीधर मीच होते. रिसर्च पेपर कुठं पाठवतात, हे विचारायला घरी कुणी नव्हतं. पहिल्याच वर्षी मी विभागप्रमुखांना मोकळेपणानं सांगितलं, की गवतांच्या कुळाचं वर्गीकरण मला अजून नीट हाताळता येत नाही, कुणाकडं बसून शिकता येईल का? वर्षअखेरीस माझ्या गोपनीय अहवालात ओळ आली : ‘विषयाची तयारी अपुरी.’ त्यानंतर चार वर्षं मी आपली अडचण कुणालाही सांगितली नाही. वर्गात ते प्रकरण दरवर्षी घाईघाईनं उरकत राहिले. त्या चार वर्षांतल्या मुलांचं नुकसान झालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यातून मला बाहेर काढलं ते पदार्थविज्ञानाच्या एका ज्येष्ठ सरांनी. विषय वेगळा, विभाग वेगळा. माझ्या अहवालाशी, माझ्या बढतीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. दर शनिवारी प्रॅक्टिकल संपलं की साडेतीनला मी त्यांच्या प्रयोगशाळेत जायची. ते तीन गोष्टी विचारायचे : या आठवड्यात काय वाचलंस, काय लिहिलंस, कुठं अडलीस. गवताचं पातंही त्यांना ओळखता येत नव्हतं. पण ‘अडलेय’ म्हटल्यावर त्यांनी थेट विद्यापीठातल्या एका जाणकारांना फोन लावला आणि पुढच्या रविवारी मला मसाई पठारावर त्यांच्याबरोबर पाठवलं. सप्टेंबर होता. पठारभर सीतेची आसवं फुलली होती. जांभ्या दगडावर गुडघे टेकून हातात भिंग धरलं आणि गवताची फुलं कशी वाचायची, हे मी त्या दिवशी शिकले.

माझे चुलते गंगावेशीच्या तालमीत मेहनत करायचे. खासबागेत त्यांची कुस्ती लागली, की वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून असायचे. निकाल मात्र पंच द्यायचे. आपल्या पट्ठ्याच्या कुस्तीला वस्तादालाच पंच नेमा, असं कोल्हापुरात कुणी म्हणणार नाही. कॉलेजात आपण नेमकं तेच करतो. जो अहवाल लिहितो, त्याच्याकडंच नव्या माणसानं मन मोकळं करावं, अशी अपेक्षा ठेवतो. मग नवी माणसं गप्प बसतात, आणि त्यांना काही अडचण नाही असा समज होतो.

म्हणून तुला सांगते, तुझ्या विभागाबाहेरचं माणूस शोध. गडहिंग्लज-आजऱ्याकडच्या एखाद्या महाविद्यालयातल्या ज्येष्ठ प्राध्यापिका, तुझ्याच कॉलेजातले रसायनशास्त्राचे कुणी, किंवा नुकतं निवृत्त झालेलं कुणी. तुझ्या गाइडना विचारत राहा, पण त्यांच्यावरच थांबू नकोस. त्यांना तू अजून विद्यार्थिनीच दिसतेस. आणि जाताना ‘मला मार्गदर्शन करा’ असं मोघम म्हणू नकोस. माणूस दबतो, कशात पडतोय असं त्याला वाटतं. छोटं काहीतरी घेऊन जा. एक पानाचा संशोधनाचा आराखडा ने आणि म्हण, ‘सर, हा वाचून कुठं कच्चा आहे ते सांगाल का?’ दुसऱ्यांदा जाताना त्यांनी सांगितलेली दुरुस्ती करून ने. तिसऱ्यांदा जाशील तेव्हा तेच तुझी वाट बघत असतील.

आता प्लेसमेंट. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम स्वतः उघडून वाच, ऐकीव माहितीवर राहू नकोस. तुझी पीएच.डी. आहे, म्हणून वेतनस्तर १० वरून ११ वर जायला ४ वर्षं लागतात. पीएच.डी. आणि एम.फिल. दोन्ही नसणाऱ्यांना ६. तुला एकच वर्ष उरलंय. त्याआधी २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स झालेला हवा, आणि त्याशिवाय आणखी एक : रिफ्रेशर (विषयाची उजळणी करून देणारा कोर्स), संशोधनपद्धतीचा कोर्स, किमान आठवड्याचा एफडीपी (प्राध्यापकांसाठीचं प्रशिक्षण) किंवा प्रमाणपत्रासह पूर्ण केलेला एखादा ‘मूक’ (MOOC, सगळ्यांना खुला ऑनलाइन) कोर्स. पूर्वीच्या अकॅडमिक स्टाफ कॉलेजांचं नाव आता मालवीय मिशन प्रशिक्षण केंद्र आहे. त्यांचे बरेच कोर्स ऑनलाइन असतात, त्यामुळे लहान मूल असताना चंदगडहून महिनाभर बाहेर राहायची वेळ येणार नाही. अर्ज आजच भर. कोर्स उशिरा झाला, तर पदोन्नतीची तारीखही तेवढीच पुढं सरकते, आणि तो फरक निवृत्तीपर्यंत पगारात राहतो. वार्षिक स्वमूल्यमापनाचा फॉर्म दरवर्षी भरून आयक्यूएसीची (महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाची) पोच घे. तीन वर्षांचे राहिले असतील तर या आठवड्यात बस. दैनंदिनीवर सही घेत जा. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतलेले असले, तरच अध्यापन ‘चांगलं’ धरतात.

आणि परीक्षा विभाग, एनएसएस, नॅक या तिन्हींतलं एक काम परत दे. प्राचार्य आडवे येणार नाहीत म्हणाले आहेत ना, मग त्यांच्याकडं लेखी माग. ‘संशोधनासाठी आठवड्यातली एक दुपार मोकळी हवी, त्यासाठी अमुक काम दुसऱ्याकडं द्यावं.’ एवढंच दोन ओळींत. तुझे तीन चांगले निबंध प्रसिद्ध झाले, की गाइड म्हणून मान्यतेसाठी अर्ज करता येईल. सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. चंदगडच्या मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करणारी एक मुलगी तुझ्या हाताखाली आली, की तुझं थांबलेलं संशोधन तिच्यामुळंही पुढं जाईल.

पत्र दुसरं

*मी अर्थशास्त्र विभागाचा प्रमुख, वय ५१. आमच्या आयक्यूएसीनं या वर्षी ‘मेंटॉर योजना’ काढली. प्रत्येक ज्येष्ठाकडं तीन कनिष्ठ. दर महिन्याला फॉर्म भरून दोघांनी सही करायची. फॉर्म वेळच्या वेळी जातात, पण खरं सांगायचं तर घडत काही नाही. एका सहकारी मॅडमनी मात्र एक दिवस बसून सगळं सांगितलं : पीएच.डी. अडकलीय, नोंदणीला सहा वर्षं होत आली, मधे बाळंतपण झालं, गाइड वेळ देत नाहीत. आता वर्षअखेरीस त्यांचा अहवाल मलाच लिहायचाय. मी काय करू?*

सर, तुम्ही हा प्रश्न विचारलात यातच तुमची तळमळ दिसते. वर ज्या गोपनीय अहवालाबद्दल मी लिहिलंय, तो लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पडला असता, तर माझी चार वर्षं वाचली असती.

पहिलं म्हणजे त्या मॅडमनी तुम्हाला जे सांगितलं, ते अहवालात एका शब्दानंही येऊ देऊ नका. त्यांनी ते मेंटॉरला सांगितलंय, विभागप्रमुखाला नाही. अहवालात त्यांनी घेतलेले तास, निकाल, केलेली कामं, एवढंच असू द्या. त्यांना तसं तोंडी सांगाही, म्हणजे त्यांच्या जिवाला घोर लागणार नाही.

दुसरं, त्यांना नियम दाखवा. पीएच.डी.ची जास्तीत जास्त मुदत ६ वर्षं आहे, पण महिलांना त्यापुढं २ वर्षांची सवलत आहे. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. २०१६ च्या नियमांतही हे होतं, २०२२ च्या नियमांतही आहे. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत जायला हवा. कितीतरी मुली ‘आता वेळ गेली’ म्हणून संशोधन सोडून देताना मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या गाइडनीही त्यांना हे सांगितलेलं नव्हतं. गाइडशी बोलायला त्या एकट्या जाणार असतील, तर त्याआधी तुम्ही एक फोन करा. ज्येष्ठाच्या एका फोननं जे काम होतं, ते कनिष्ठाच्या दहा ईमेलनी होत नाही.

योजनेचं म्हणाल, तर तुमच्या तीन कनिष्ठांची इतिहास किंवा वाणिज्य विभागाच्या प्रमुखांशी अदलाबदल करा. त्यांचे तीन तुमच्याकडं, तुमचे तीन त्यांच्याकडं. प्राचार्यांकडं असा प्रस्ताव घेऊन जा. याला पैसा लागत नाही. अर्थशास्त्राचा माणूस इतिहासवाल्याला काय सांगणार, असा प्रश्न येईलच. विषयातलं सांगणारे इतर असतात. तासाचं नियोजन, वर्गातली अवघड मुलं, लेखनाची शिस्त, घर आणि नोकरी यांची ओढाताण, हे सगळ्या विभागांत सारखंच असतं.

भेटीचा तास वेळापत्रकात छापून घ्या. ‘सवड मिळेल तसं’ म्हटलं, की सवड मिळत नाही हे तुम्हीही अनुभवलं असेल. पंधरा दिवसांतून एकदा पाऊण तास पुरतो. फॉर्मवर फक्त तारीख आणि दोन सह्या ठेवा. काय बोललो हा रकाना काढून टाकायला सांगा. तो रकाना आहे तोवर खरं कुणी बोलणार नाही.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली होती, ती तुम्ही करू नका. विद्यापीठात आल्यावर माझ्याकडं एक नवी प्राध्यापिका आली. मी तिला तासभर माझे अनुभव सांगितले, माझे निबंध दाखवले, काय काय करायला हवं याची यादी दिली. ती तीनदा आली आणि मग यायची बंद झाली. वर्षभरानं दुसऱ्या कुणाकडून कळलं, की तिचे वडील त्याच काळात आजारी होते आणि सीपीआर रुग्णालयाच्या फेऱ्या चालू होत्या. मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी फार बोलत नाही. पदार्थविज्ञानाच्या सरांचे ते तीन प्रश्न विचारते, आणि चौथा माझा : घरी सगळं ठीक आहे ना?

माझ्या बाबतीत असंही झालंय, की केबिनमध्ये गप्प बसणारी माणसं चालताना बोलतात. आपल्या शिवाजी विद्यापीठाचं आवार साडेआठशे एकरांचं आहे. ग्रंथालयापासून तळ्याच्या बाजूनं एक फेरी मारली, की अर्धा तास सहज जातो, आणि शेजारी चालणाऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं नसल्यामुळं जड गोष्टी सांगायला सोपं पडतं. तुमच्या कॉलेजला असं आवार नसेल, तर चहाला बाहेर जा.

कनिष्ठाच्या वर्गात जाऊन बसायचं असेल, तर त्यानं बोलावल्यावरच. शेवटच्या बाकावर बसा, वही काढू नका, त्याच दिवशी बोला आणि सुधारायची एकच गोष्ट सांगा. त्याचा निबंध वाचाल तेव्हा सगळा तांबड्या शाईनं भरू नका. एकच परिच्छेद घ्या, दोघांनी मिळून नवा लिहा. बाकीचा तो स्वतः करतो. अभ्यास मंडळाच्या बैठकीला, पेपर सेटिंगला, एखाद्या व्हायव्हाला जाताना त्याला बरोबर न्या आणि तिथल्या लोकांशी नावानं ओळख करून द्या. आपल्याला ओळखी आहेत, हे आपल्या लक्षातही नसतं. नव्या माणसाला त्या वर्षानुवर्षं मिळत नाहीत.

नव्या माणसाच्या पाठीशी उभं राहणं कोल्हापूरला नवीन नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं वसतिगृहं उभी केली. खेड्यातल्या मुलाची फी माफ करून भागत नाही, त्याला शहरात पाठ टेकायला जागा आणि लक्ष ठेवणारं माणूस लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. त्या वसतिगृहांतून शिकलेल्या घरांची नातवंडं-पतवंडं आता आपल्याकडं प्राध्यापक म्हणून रुजू होताहेत. भुदरगड, शाहूवाडी, राधानगरीतून तर अजूनही घरातले पहिले पदवीधर येतात. नेमणुकीचा आदेश हातात दिला म्हणजे त्यांची गरज संपली, असं आपण धरून चालतो.

पत्र तिसरं

*मराठीत एम.ए., सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. वय ३४. पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय, दोन महाविद्यालयांत. एका ठिकाणचा तास संपवून एसटीनं दुसरीकडं जातो. स्टाफ मीटिंगला बोलावत नाहीत, कार्यशाळेला पाठवत नाहीत. मुलं मात्र ‘सर’ म्हणून घरी येतात. पीएच.डी.ला प्रवेश मिळालेला नाही. थांबू की सोडू?*

थांबा किंवा सोडा, हे मी सांगू शकत नाही. तुमच्या घरची परिस्थिती मला ठाऊक नाही, आणि ती ठाऊक नसताना दिलेला सल्ला तुमच्या अंगावर येईल. ठरवताना उपयोगी पडेल ते सांगते.

पीएच.डी. नाही म्हणून तुम्ही अपात्र नाही. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट ही किमान अर्हता आहे, पीएच.डी. ऐच्छिक आहे. पण महाविद्यालयांसाठीच्या प्राथमिक निवडीच्या गुणतक्त्यात पीएच.डी.ला २५ गुण आहेत आणि सेटला ५, म्हणजे ती असली तर फार फरक पडतो. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १० गुण. तुमची पाच वर्षं झाली आहेत. त्या प्रत्येक वर्षाचा नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र आणि अनुभवाचा दाखला तुमच्याजवळ आहे का? नसेल तर दोन्हीकडं आताच अर्ज करा, पोच घ्या. प्राचार्य बदलले, क्लार्क बदलले, की जुने दाखले मिळवताना माणूस रडकुंडीला येतो.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. कायम नोकरी लागली, तरी तासिका तत्त्वावरची वर्षं पुढं प्लेसमेंटसाठी सहसा धरली जात नाहीत, कारण पूर्वीची सेवा धरायची तर तिचा पगार नियमित प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कमी नसावा, अशी नियमात अट आहे. म्हणजे आयुष्यातली उमेदीची वर्षं मोजणीतूनच गळतात. हे अन्यायाचं आहे. मी नोकरीत असताना बैठकांतून बोलत आले, आजही बोलते. म्हणून तुम्हाला एक मर्यादा घालून घ्यायला सुचवते : अजून दोन वर्षं, किंवा तीन, असं घरच्यांशी बसून ठरवा. तोवर पीएच.डी. प्रवेशाचा प्रत्येक प्रयत्न करा, आणि शेजारी दुसरं एक काम शिकून ठेवा. मराठीच्या माणसाला भाषांतर, मुद्रितशोधन, पाठ्यपुस्तकांचं संपादन ही कामं मिळतात, आणि ती मानाची आहेत.

हे वाचणाऱ्या प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे. स्टाफ मीटिंगची एक खुर्ची या माणसांना द्या. कार्यशाळेच्या यादीत त्यांचं नाव घाला. मेंटॉर योजनेत त्यांना घ्या, त्यांना तर सगळ्यात आधी. एका तासाचं मानधन घेऊन ते तुमच्या मुलांना वर्षभर सांभाळतात.

सर, तुम्ही दोन महाविद्यालयांच्या मधल्या एसटीत रोज किती वेळ असता ते लिहिलेलं नाही. तो वेळ असेल, तर त्यात एक विषय घेऊन वाचन सुरू करा. पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘विषय काय?’ याला तुमच्याकडं तयार उत्तर असेल. विषय सुचला की मला लिहा. मराठी विभागातल्या माझ्या एका मैत्रिणीशी तुमची गाठ घालून देईन.

पत्र चौथं

*मॅडम, एका जर्नलचा मेसेज आलाय. अडीच हजार रुपये भरा, सात दिवसांत आयएसएसएनसह निबंध छापून प्रमाणपत्र देतो. सहकारी म्हणतात, सगळे असंच करतात. मी निबंध पाठवून बसलेय, पैसे अजून भरलेले नाहीत. भरू का?*

भरू नका. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक असतो, त्यावरून दर्जा कळत नाही. खऱ्या परीक्षकानं निबंध वाचून शेरे द्यायचे, तुम्ही दुरुस्त करायचा, त्यांनी पुन्हा बघायचा, हे सात दिवसांत होत नाही. २०२५ च्या सुरुवातीला यूजीसीनं केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली, त्यामुळं ‘यादीत आहे’ हा आधारही आता उरलेला नाही. नियतकालिक पारखायची जबाबदारी तुमच्यावर आणि तुमच्या महाविद्यालयावर आहे. संपादक मंडळातल्या कुणाही एकाला ईमेल करून विचारा, की तुम्ही खरंच या मंडळावर आहात का. मागचे दोन अंक उघडून तुमच्या विषयातला एक निबंध पूर्ण वाचा. अशा ठिकाणी छापलेलं पुढं निवड समितीसमोर लपवावं लागतं.

आधी त्या जर्नलला ‘निबंध मागे घेत आहे’ असा ईमेल पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा, नाहीतर तोच निबंध दुसरीकडं देताना अडचण येईल. मग निबंध तुमच्या विषयातल्या एका ज्येष्ठांना वाचायला द्या. कुणीच नसेल, तर मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. विषय वनस्पतिशास्त्र नसला तरी चालेल. युक्तिवाद कुठं तुटतो, तक्ता कुठं कळत नाही, एवढं मला सांगता येतं. दोन आठवड्यांत वाचून परत पाठवते.